पेजेचा पुरावा

गजभिये कंपाउंडर पोस्टाच्या खिडकीत पाकीट देताना त्याचं वजन आपण होऊन सांगत, आणि तेही औषधांच्या जुन्या मापात, ड्राममध्ये. "तीन औंस दोन ड्राम," असं म्हणून पाकीट आत सरकवत आणि बाबूच्या चेहऱ्याकडे पाहत उभे राहत. ग्रॅम येऊन तोवर कितीतरी वर्षं झाली होती. बाबू पाकीट काट्यावर टाकी, आकडा वाची, आणि गजभियेजी शांतपणे म्हणत, "तुमचा काटा दोन ग्रॅम जास्त दाखवून राहिला." एकदा बाबूनं कुरकुर केली, तर दुसऱ्या दिवशी ते औषधं तोलायचा आपला पितळी काटाच लाकडी पेटीतून घेऊन आले. खिडकीच्या फळीवर तो उभा केला, चिमट्यानं इवलीइवली वजनं ठेवली, आणि मागच्या रांगेला हात वर करून श्वास रोखायला सांगितलं, कारण हवेनं पारडं हलत होतं. रांगेनं श्वास रोखला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मीही रोखला होता.

मी तिथं असायचं कारण म्हणजे पाकिटातला मजकूर मी टाइप केलेला असे. सक्करदऱ्याला माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. इन्स्टिट्यूट म्हणजे भाड्याची एक खोली आणि तीन मशिनी. सकाळ-संध्याकाळ मुलंमुली शिकायला येत, दुपारी मी लोकांचे अर्ज आणि कोर्टाचे कागद टाइप करी. गजभियेजींच्या मते टाइप करणाऱ्यानं कागद पोस्टात पडेपर्यंत सोबत राहायचं असतं. नर्स नाही का रोग्याबरोबर ऑपरेशनच्या खोलीपर्यंत जात, असं ते म्हणत. त्यामुळे लेखाच्या पाकिटापासून स्मरणपत्रांपर्यंत सगळ्यासाठी त्या दोन वर्षांत मी पोस्टात इतक्या वेळा गेले की बाबू मला त्यांची मुलगी समजू लागला.

ते पहिल्यांदा आले ते भर उन्हाळ्यातल्या दुपारी. उंच, वाळके, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा, बगलेत छत्री, आणि अंगाला कार्बोलिक साबणाचा वास. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आयुष्य काढून ते नुकतेच रिटायर झाले होते. खोलीत पाऊल टाकताच त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं. मग तिन्ही मशिनींपाशी वाकून मला एक-एक ओळ टाइप करायला लावली. तिसऱ्या मशिनीचा 'ई' ओळीच्या वर उडायचा. तो पाहून म्हणाले, "हा 'ई' आजारी आहे." दुसऱ्या दिवशी ड्रॉपर आणि तेलाची बाटली घेऊन आले, त्या 'ई'च्या सांध्यात मोजून तीन थेंब सोडले आणि संध्याकाळी पुन्हा पाहायला येतो म्हणाले. तो 'ई' बरा झाला. त्यानंतर त्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही.

त्यांचं हस्तलिखित दवाखान्याच्या जुन्या चिठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर होतं, इंग्रजीत. वैद्यकाच्या इतिहासाला वाहिलेलं एक तिमाही मासिक दुसऱ्या शहरातून निघे. त्याचे अंक त्यांनी एका कॉलेजच्या लायब्ररीत बसून वाचले होते आणि लेखकांसाठीचे नियम हातानं उतरवून आणले होते. दोन प्रती, ओळींत दुप्पट अंतर, डावीकडे दीड इंच समास, संदर्भ शेवटी आकड्यांनी. हे नियम ते प्रिस्क्रिप्शनसारखे वाचत. फूटपट्टी खिशातच असे. एका पानाचा समास सुताभरानं कमी निघाला तर त्यांनी ते पान बाजूला ठेवलं. मी म्हटलं, एवढ्यानं काय होतं? तर म्हणाले, "डोस चुकला की औषधाचं विष होते, बाई." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. चहात साखर जास्त पडली तरी हेच, आणि लग्नात भाषण लांबलं तरी हेच.

लेखाचा विषय मात्र गमतीचा नव्हता. स्वातंत्र्याच्या आधी, गजभियेजी नोकरीला नवे लागले असताना, आसपासच्या खेड्यांत हैजा, म्हणजे कॉलरा, पसरला. माळावर गवताच्या शेडा बांधून कॅम्प उघडला. शिरेतून द्यायच्या सलाइनच्या बाटल्या चार दिवसांत संपल्या, पुढचा साठा येईना. त्या काळी औषधाच्या डोसाखेरीज रोग्याला तोंडानं काही द्यायचं नाही असा तिथल्या डॉक्टरसाहेबांचा सक्त हुकूम होता. माणसं पाणी-पाणी करत सुकून मरत होती. तिसऱ्या शेडेत सोनाबाई नावाची आया होती. तिनं भाताची पातळ पेज केली, तीत मीठ आणि गुळाचा खडा घातला, आणि चमच्या-चमच्यानं रोग्यांना पाजायला लागली. रोग्यानं ओकलं तर थोडं थांबायची, पुन्हा पाजायची. तिच्या शेडेतली माणसं इतर शेडांपेक्षा जास्त संख्येनं चालत घरी गेली. गजभियेजींनी एवढंच लिहिलं होतं, आणि शेवटी म्हटलं होतं की आज मोठमोठे डॉक्टर हैज्यात मीठ-साखरेचं पाणी पाजा म्हणून सांगतात, तेव्हा या बाईचं नाव कुठंतरी लागलं पाहिजे.

पहिलं पाकीट गेलं, आणि वाट पाहणं सुरू झालं. मासिकाशी पत्रव्यवहाराचा पत्ता त्यांनी माझ्या इन्स्टिट्यूटचा दिला होता, कारण त्यांच्या घराच्या पोस्टमनवर त्यांचा विश्वास नव्हता. रोज बाराच्या सुमाराला ते येऊन बाकावर बसत आणि छत्रीच्या मुठीवर हात ठेवून रस्त्याकडे पाहत. पोस्टमन फाटकाशी आला की उठून उभे राहत, पुढं गेला की बसत. टायपिंग शिकणाऱ्या मुली सुरुवातीला हसत. दोन महिन्यांनी त्यासुद्धा बोटं थांबवून फाटकाकडे पाहू लागल्या.

पाकीट परत आलं. सोबत संपादकांचं पत्र. संपादक म्हणजे कुणी निवृत्त प्रोफेसर होते. त्यांनी लिहिलं होतं की लेख रंजक आहे, पण दुसऱ्या पानावर 'मेडिकल ऑफिसर राउंडला बी.डी. येत' असं आहे, त्याचा उलगडा व्हावा. गजभियेजींना राग आला. बी.डी. म्हणजे दिवसातून दोनदा, हे दवाखान्यातल्या झाडूवाल्यालाही कळतं, आणि प्रोफेसरला कळू नये? मी समजूत घातली की डॉक्टर राउंडला येतो ते रोग्यानं गिळायचं औषध नसतं. तेवढं वाक्य त्यांनी बदललं. पण पत्राच्या तळाशी आणखी एक ओळ होती. ती त्यांनी दोनदा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. सोनाबाईनं पेज पाजली याला त्या वेळचा लेखी आधार काय, असं संपादकांनी विचारलं होतं.

त्यावर गजभियेजींनी जे केलं ते कोणत्याही मासिकाच्या नियमांत नसेल. त्यांनी त्या खेड्यांतून फिरून कॅम्पातून वाचलेली म्हातारी माणसं शोधली. वाडीकडच्या एका ट्रक-गोदामात पहारा करणारा एक गृहस्थ सापडला, आणखी चार-पाच जण सापडले. प्रत्येकाची हकिकत लिहून घेतली, खाली अंगठा उमटवून घेतला. अंगठा आधी स्पिरिटनं पुसायचा, मग शाई, मग परत स्पिरिट. एक म्हातारा घाबरून विचारत होता म्हणे की सुई कधी टोचणार. हे सगळं मी टाइप केलं. टाइप करता करता लक्षात आलं की सगळ्यांचे अंगठे आहेत, पण सोनाबाईचा नाही. मी विचारलं, ती आहे का? म्हणाले, हुडकेश्वरला आहे. मग तिच्याकडे का गेला नाहीत, असं विचारलं तर छत्री उचलून म्हणाले की पोस्ट बंद व्हायची वेळ झाली. पोस्ट बंद व्हायला दोन तास होते.

दुसरं पाकीट गेलं. पावसाळ्याच्या अखेरीला उत्तर आलं. त्या दिवशी गजभियेजींना ताप होता म्हणून ते आले नव्हते, आणि पाकीट उघडायचा अधिकार त्यांनी मला दिलेला होता. मी उघडलं आणि उभ्याउभ्या वाचलं. संपादकांनी फार सभ्यपणे लिहिलं होतं की इतक्या वर्षांनंतरच्या आठवणींवर मासिकाला विसंबता येत नाही. पण खरी गोष्ट पुढं होती. त्याच कॅम्पावर दुसरा एक लेख त्यांच्याकडे आला होता, खुद्द तिथल्या तेव्हाच्या डॉक्टरसाहेबांचा. सलाइन संपल्यावर आपणच दूरदृष्टीनं पेज पाजण्याचा हुकूम दिला, असं त्यात होतं. तो लेख पुढच्या अंकात जायचा होता. याविरुद्ध काही लेखी पुरावा तुमच्याकडे असेल तर महिनाअखेरच्या आत पोचावा, नंतर अंक छापायला जाईल.

महिनाअखेरीला सोळा दिवस होते.

मी पत्र घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांची खोली मी प्रथमच पाहत होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली खाट, आणि फळीवर ओळीनं डबे-बाटल्या, प्रत्येकीवर दवाखान्याच्या अक्षरातलं लेबल. मिठाच्या बरणीवर 'मीठ', साखरेच्या बरणीवर 'साखर', आणि घासलेटच्या बाटलीवर 'फक्त बाहेरून लावण्यासाठी'. मला हसू आलं, पण ते पत्र वाचत होते म्हणून आवरलं. वाचून झाल्यावर त्यांनी पत्र उशीखाली ठेवलं. मी म्हटलं, काही तरी करायला हवं. ते म्हणाले, पाहू. मी म्हटलं, डॉक्टर खोटं लिहितो आहे आणि तुम्ही पाहू म्हणता? त्यांनी भिंतीकडे कूस वळवली.

मग ते यायचेच थांबले. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. बाराच्या सुमाराला पोस्टमन फाटकावरून जाई आणि बाकावर कोणी नसे. ताप उतरला होता, कारण मी माणूस पाठवून चौकशी केली होती. मी पुन्हा गेले तेव्हा ते बाटल्या पुसत बसले होते. काही सापडलं का, विचारलं. मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून हे कळलं नाही. मी चिडून बोलले की दोन वर्षं माझ्याकडून समास मोजून घेतलेत, आणि आता तिचं नाव बुडत असताना बाटल्या पुसता. त्यांनी हातातली बाटली पुसून पूर्ण केली आणि म्हणाले, "उद्या येतो." ते उद्या आले नाहीत. परवाही नाहीत.

महिना संपायला पाच दिवस असताना, सकाळी क्लास चालू असतानाच ते आले. हात धुतले. मुलींकडे पाहिलं आणि मला म्हणाले की यांना आज सुटी द्या. मुली गेल्यावर त्यांनी पिशवीतून मेणकापडात गुंडाळलेलं एक रजिस्टर काढलं. कडा कुरतडलेल्या होत्या, पण आतली शाई शाबूत होती. कॅम्प उठला तेव्हा सगळे कागद जाळायचे होते, त्यांतून हे एक त्यांनी घरी नेलं होतं. तीस वर्षं पेटीच्या तळाशी होतं. त्यांनी एक पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि आपण खिडकीशी जाऊन उभे राहिले.

इंग्रजीतली नोंद होती, वळणदार अक्षरात. तिचा अर्थ असा: तिसऱ्या शेडेतली आया सोनाबाई हिला आज दुपारी रोग्यांना तोंडानं भाताची पेज, मीठ व गूळ घालून, पाजताना मी स्वतः पाहिलं. हे साहेबांच्या हुकमाविरुद्ध आहे. चार दिवसांपासून असं करत असल्याचं ती कबूल करते. योग्य कारवाईसाठी सादर. खाली तांबड्या शाईत डॉक्टरसाहेबांचा शेरा होता, हिला आजच काढून टाका, आणि सही. मी सगळं वाचलं आणि मग नोंद लिहिणाऱ्याची सही पाहिली. ते अक्षर मी दोन वर्षं टाइप करत होते.

मी त्यांच्याकडे पाहिलं. तेच बोलले, खिडकीबाहेर पाहत, एकसुरी आवाजात. नोकरीला लागून तीन महिने झाले होते. घरात सरकारी नोकरीचे ते पहिलेच. साहेबांनी सकाळी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं की हुकूम मोडणारा आणि तो लपवणारा दोघंही घरी जातील. दुपारी त्यांनी सोनाबाईला पाहिलं. आणखीही कोणी पाहिलं असेल आणि ते आधी सांगेल, अशी भीती वाटली. म्हणून लिहिलं. "तिले त्याच दिवशी काढलं, बाई. पगार देल्ला नाही. अन् साहेबानं मले शाबासकी देल्ली."

आता कळलं, अंगठ्यांचे ते सगळे फेरे कशासाठी होते. सोनाबाईनं पेज पाजली याचा जगात एकच लेखी पुरावा होता आणि तो म्हणजे तिच्याविरुद्ध त्यांनी केलेली तक्रार. दुसरा कुठला तरी पुरावा मिळावा म्हणून ते गावोगाव हिंडले होते.

मी मशीनवर कागद चढवला. नोंद जशीच्या तशी उतरवायची, असं त्यांनी सांगितलं. सहीपाशी आल्यावर माझी बोटं थांबली. मी म्हटलं, नाव कशाला हवं? 'एका कर्मचाऱ्यानं लिहिलेली नोंद' असं टाकू. पानाचा फोटो पाठवू, त्यातली सही झाकता येईल. संपादकांना पुरावा हवा आहे, तुमचं नाव नको आहे.

ते मशीनपाशी आले. "माझं नाव गाळलं तं तिचंही खोटं ठरते," ते म्हणाले. "दोघायचं एकाच कागदावर आहे. टाइप करा."

मी टाइप केलं. त्या दिवशी त्यांनी समास मोजला नाही.

रजिस्टरच्या पानाचा फोटो काढायचा होता, कारण मूळ प्रत पोस्टात टाकायची छाती दोघांचीही नव्हती. सीताबर्डीवरच्या एका फोटो स्टुडिओत गेलो. तिथला फोटोग्राफर लग्नाचे आणि बारशाचे फोटो काढणारा. त्यानं ते कुरतडलेलं रजिस्टर लहान बाळांसाठीच्या निळ्या मखमलीवर ठेवलं आणि सवयीनं चुटकी वाजवली. प्रत शनिवारी मिळेल म्हणाला. शनिवारपर्यंत महिना संपत होता. टपालाला तीन-चार दिवस धरले तर पाकीट उद्या निघायलाच हवं होतं. गजभियेजींनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन ते स्टुडिओतल्या स्टुलावर बसले, जिथं नवरदेव बसतात तिथं, आणि उठलेच नाहीत. येणाऱ्या गिऱ्हाइकांना उभ्यानं फोटो काढावे लागले. दुपारी चारला फोटोग्राफरनं हात टेकले आणि आत जाऊन प्रत काढली. ती ओली होती. वाळेपर्यंत आम्ही दोघं दोन टोकं धरून पंख्याखाली उभे राहिलो.

मोहल्ल्यातलं पोस्ट तोवर बंद झालेलं. स्टेशनवर रेल्वेच्या डाकघरात जादा तिकीट लावून पाकीट घेतात, हे मला ठाऊक होतं. सायकलरिक्षा केली. वाटेत फाटक लागलं आणि एक मालगाडी इतकी सावकाश गेली की मी डबे मोजले आणि शेवटी मोजायचं सोडून दिलं. गजभियेजी पाकीट छातीशी धरून बसले होते. एकदाच बोलले. हे पोचलं तर सगळे वाचतील ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. त्यांना ते पोचायला हवं होतं की नको होतं, हे त्या क्षणी त्यांनाही सांगता आलं नसतं असं मला वाटतं. खिडकीशी पोचलो तेव्हा आतला माणूस थैलीचं तोंड बांधत होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं, गाठ सोडली आणि पाकीट आत टाकलं.

मग पाच आठवडे काही नाही. ते पुन्हा बाकावर येऊन बसू लागले, पण आता पोस्टमन आला की उठत नसत. बसल्या जागी छत्री घट्ट धरत. पत्र आलं ते तीन ओळींचं. लेख स्वीकारला आहे, नोंदीच्या फोटोसह छापू. डॉक्टरसाहेबांचा लेखही त्याच अंकात आला. त्यातून पेजेच्या हुकमाचं ते एक वाक्य गाळलेलं होतं. त्याबद्दल कोणी काही खुलासा केला नाही आणि आम्हीही विचारला नाही.

लेखाच्या सुट्या छापील प्रती आल्या, पंचवीस. गजभियेजींनी एकही कुणाला वाटली नाही. आठवडाभर त्या माझ्या कपाटात पडून होत्या. मग एका रविवारी सकाळी येऊन म्हणाले की हुडकेश्वरला जायचं आहे, तुम्ही चला. तुम्ही वाचून दाखवा, माझ्यानं वाचवणार नाही.

हुडकेश्वर तेव्हा खेडंच होतं. अर्धी वाट रिक्षानं गेलो, पुढं पायी. पौषाचे दिवस, बांधांवर तूर उभी. घर विचारत विचारत पोचलो तर कुंपणाशी गजभियेजी थांबले आणि बाभळीपाशी उन्हातच उभे राहिले. तुम्ही व्हा पुढं, म्हणाले.

सोनाबाई अंगणात सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. बारीक, वाकलेली, पण हात भराभर चालत होते. "कोण आहेस वं?" तिनं विचारलं. मी सांगितलं, शेजारी बसले आणि इंग्रजीतला लेख सोप्या मराठीत करून सांगू लागले. ती सोलत राहिली. पेजेचं आलं तेव्हा एकदा मान हलवली, गूळ नंतर घालायचा असते म्हणाली. रजिस्टरच्या नोंदीपाशी मी अडखळले. तिनं माझ्याकडे न पाहताच सांगितलं की ते तिला माहीत आहे, काढताना साहेबानं वाचून दाखवलं होतं, कोणी लिहिलं तेही. मग कुंपणाकडे हनुवटी करून म्हणाली, "तोच आहे ना तो? ये गा कंपोंडर. उन्हात काहून उभा आहेस?"

ते आले. छत्री दोन्ही हातांनी धरून तिच्यासमोर उभे राहिले. काहीतरी बोलणार होते. पाठ करून आले होते, असं त्यांच्या ओठांवरून वाटलं. पण सोनाबाईनंच आधी विचारलं.

"दाराजवळच्या खाटेवर एक पोरगी होती. सात-आठ वर्षाची. मी निघाली तवा तिच्या तोंडाले वाटी होती. ते तशीच ठेवून जा लागलं मले. मेली असंल ना?"

"नाही," गजभियेजी म्हणाले. "जगली."

सोनाबाईचे हात थांबले. "कशी जगंल? पेज तं बंद केली तुमी."

त्यांनी छत्री जमिनीला टेकवली. मग खाली पाहत सांगितलं की त्या संध्याकाळपासून त्यांनी स्वतः औषधाच्या खोलीत, स्पिरिटच्या दिव्यावर पेज शिजवली. गाळून मिक्श्चरच्या बाटल्यांत भरली, औषधी रंगाचे दोन थेंब टाकले आणि कागदाच्या पट्टीवर डोसाच्या खुणा करून चिकटवल्या. साहेब रोज राउंडला येत, बाटली उजेडात धरून पाहत आणि पुढं जात. कॅम्प उठेपर्यंत सगळ्या शेडांत हेच चाललं. त्या पोरीचं नाव गिरजा. मौद्याकडे दिली आहे, तीन लेकरं आहेत. दर दिवाळीला ते तिला भेटून येतात. तिला वाटतं, दवाखान्यातले काका आहेत.

मी थक्क होऊन ऐकत होते. दोन वर्षं मी या माणसाचा शब्द न् शब्द टाइप केला होता, आणि हे त्यात कुठंच नव्हतं. न राहवून मी विचारलं, लेखात हे का नाही लिहिलं?

"लेख तिच्यावर होता," ते म्हणाले.

सोनाबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग सूप थोडं पुढं सरकवून त्यांना बसायला जागा केली. "आण तिले एकदा," ती म्हणाली. "पाहू दे मले."

"आणतो," गजभियेजी म्हणाले. ते मातीतच बसले, त्या पांढऱ्या सदऱ्यासकट, हात न धुता, आणि शेंगा सोलू लागले. मला निघायचं होतं, पण ते उठतील असं दिसेना. दोघांचा निरोप घेऊन मी एकटीच बांधावरून परत निघाले. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा सोनाबाई त्यांना काहीतरी सांगत होती आणि ते मान खाली घालून ऐकत होते.